डाव्या खांद्याचं हाड

६ सप्टेंबर १९९१, शुक्रवार

सर आले. पेटीतून आले!

असं लिहू नये खरं तर. पण सर असते तर सगळ्यात आधी तेच हसले असते. आंब्याच्या पेटीहून थोडी मोठी लाकडी पेटी, वर सुतळी, बाजूला मेडिकल कॉलेजचा शिक्का. दीड वर्षापूर्वी तोताराम सर गेले तेव्हा देह तिकडे दिला होता. आज हाडं आमच्याकडे आली – स्वच्छ, कोरडी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. सरांनी लिहूनच ठेवलं होतं: माझा सांगाडा आपल्या चित्रशाळेत उभा करा, मुलांना त्यावरून काढायला लावा, आणि तो नसीमनेच जोडायचा.

नसीमनेच! गेल्यावरही मला गृहपाठ देऊन गेलेत.

पेटीबरोबर त्यांचा मुलगा आला होता, गिरधरभाऊ. जळगावला शाळेत विज्ञान शिकवतात. उभ्या उभ्याच बोलले. "एकही हाड कमी पडता कामा नये, ही आबांची अट आहे. पूर्ण सांगाडा, नाहीतर काहीच नाही." आमचे प्राचार्य पितांबर सर नुसती मान हलवत होते. त्यांना चार ऑक्टोबरची तपासणी दिसत होती. वर्गात खरा सांगाडा असला की मान्यतेचं काम सोपं.

मी झाकण उघडलं तेव्हा गिरधरभाऊ खिडकीतून पांझरा नदीकडे बघत राहिले. "बघायचंय का?" मी विचारलं. म्हणाले, "कशाला? आता ते शैक्षणिक साहित्य आहे."

माणूस बापाबद्दल असं बोलतो? मला राग आला. सरांना मात्र आवडलं असतं, हेही खरं.

७ सप्टेंबर

अब्बांना सांगितलं. ते जेवायचे थांबले. मग म्हणाले, "हाथ धोके आयी ना?" आणि परत जेवायला लागले.

९ सप्टेंबर, सोमवार

दिवसभर हाडं लावत होते. मोठ्या टेबलावर पांढरी चादर, त्यावर सर आडवे. आधी कमरेपासून खाली, मग मणके, मग हात. हाडांची मला भीती नाही.  मी रेड्याची, बोकडाची हाडं लहानपणापासून घासत आलेय. अब्बा शिंगाच्या फण्या करायचे, मी उरलेल्या हाडांच्या चिमण्या नि कर्णफुलं करायची. त्याच चिमण्या बघून सर आमच्या दारात आले होते, अब्बांना म्हणाले होते, "नूर महंमदभाई, ही पोरगी मला द्या, पाच वर्षांनी परत करतो." परत केलं नाही ते वेगळं.

मग डाव्या खांद्याशी आले आणि हात थांबला.

गळ्याच्या खड्ड्यापासून खांद्यापर्यंत आडवं जातं ते हाड. बाया तिथे हासळी घालतात, म्हणून सर त्याला हासळीचं हाड म्हणायचे. सरांचं डावं मधोमध जाड आहे. गाठ आहे. तरुणपणी सायकलवरून पडले होते, हाड वाकडं जुळलं. दर वर्षी पहिल्या तासाला सर शर्टाचं बटण काढून ती गाठ वर्गाला दाखवायचे आणि फळ्यावर काढायचे. "डोळ्याला दिसतं ते सगळेच काढतात. हाताला लागतं ते काढा." मुली लाजायच्या. मी पण लाजले होते. मग पुढे जाऊन बोट लावलं होतं – मी एकटीने.

आज परत लावलं. तेच आहे. ओळख पटली, असं म्हणतात ना, तसं. मग खूप रडले. दार लावलेलं होतं म्हणून बरं.

१४ सप्टेंबर, शनिवार

काकू आल्या होत्या! सरांच्या पत्नी, यशोदाबाई. भडगावहून एकट्या, पारोळ्याला गाडी बदलून. गणपतीचे दिवस, घरी पाहुणे, आणि ह्या बाजाराला जाते सांगून निघालेल्या.

पेटीच्या खोलीत यायला तयार होईनात. व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. पाणी दिलं, प्यायल्या. मग एकदम सुरू झाल्या.

"बठ्ठं आंग दी टाकं तेस्नी. माले इचारं बी नही."

बठ्ठं. म्हणजे सगळंच्या सगळं.

त्यांनी सांगितलं ते असं. अंत्यविधी झालाच नाही, त्यामुळे घरात श्राद्ध करता येत नाही. ब्राह्मण म्हणाला, पळसाच्या पानांचा माणूस करू, त्याला अग्नी देऊ, मग सगळं रीतसर होईल. काकूंनी त्याला दारातून परत पाठवलं. "पानेसना माणूससंगे मी चाळीस वरीस संसार करा का?" असं विचारलं म्हणे त्याला.

मग माझा हात धरला. "माले एक हाड दे, माय. जास्त नको. डावा खांदानं, गाठनं. ते तुटनं तवय महिनाभर मी शेकं, हयद लावी, तेल लावी. डोया मिटीसनबी वळखसू मी ते. बाकी बठ्ठं कालेजनं. ते एक मन्हं शे."

सर्वपित्रीच्या आत हवंय. म्हणजे सात ऑक्टोबरच्या आत. गिरणा नदीत सोडायचं आणि मोकळं व्हायचं. "गिरधरले सांगू नको. त्याले बापनं नाव मोठं वाटस."

मी म्हटलं, बघते. बघते काय! नाही म्हणायला हवं होतं. सरांची अट आहे, पेटीच्या कागदावर गिरधरभाऊंची सही आहे, प्राचार्य टपून बसलेत. आणि त्या बाईने माझा हात सोडला नाही.

१५ सप्टेंबर

रविवार वाया. डोकं एकाच जागी फिरतंय. सरांनी कधी कोणाला फसवलं नाही. वर्गात एखाद्या मुलाने मानेचा स्नायू चुकीचा काढला तर अख्खं चित्र पुसायला लावायचे. त्या माणसाच्या सांगाड्यात मी खोटं हाड लावू?

आणि काकूंना विचारलंसुद्धा नव्हतं त्यांनी. ते कसं विसरू?

सरांवर पहिल्यांदा चिडले. गेलेल्या माणसावर चिडून काय मिळतं, पण चिडले.

१७ सप्टेंबर

करायचं. एक हाड घडवायचं, हुबेहूब, गाठीसकट. ते सांगाड्यात. खरं काकूंना. कोणाला कळता कामा नये.

गाठ वगळून चालणार नाही. सरांनी स्वतःच्या गाठीचं काढलेलं मोठं चित्र वर्गाच्या भिंतीवर आहे, पितांबर सर रोज त्याच्याखाली बसतात.

१८ सप्टेंबर

कसाबवाड्यातून रेड्याच्या पायाची नळी आणली. सोडा घालून उकळली. घरभर वास. शेजारची सितारा विचारते, "आज पाये है क्या?" हो म्हटलं. आता तिला पायेही द्यावे लागणार!

२१ सप्टेंबर, शनिवार

खरं हाड घरी आणलं. जेवणाच्या डब्यात, खालच्या पुडात, मऊ फडक्यात. हाडं ठेवतो त्या कपाटाची किल्ली पितांबर सरांकडे असते, पण काम करताना ती मला देतात. डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसले. आयुष्यात कधी एवढी सरळ बसले नसेन.

समोर ठेवल्याशिवाय घडवता येत नाही. फोटोवरून बाहेरचा आकार येतो, वजन येत नाही, खडबड येत नाही.

अब्बांनी बघितलं. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पण बोटं शाबूत आहेत. खरं हाड उचललं, गाठीवरून अंगठा फिरवला, हळूच परत ठेवलं. "मास्टरजी?" मी हो म्हटलं. अब्बांनी डोक्यावरची टोपी सरळ केली. मग म्हणाले, "मय्यत की हड्डी मिट्टी की अमानत होती है, बेटा. उसके साथ खेल नहीं करते."

मी म्हटलं, खेळ नाही अब्बा, मातीतच जाणार आहे. पाण्यातून.

"फिर ठीक है," म्हणाले, आणि माझी कानस स्वतःच पुसून दिली.

२३ सप्टेंबर, सोमवार

आज मेले होते!

हाड घरी, आणि पितांबर सर सकाळीच एका फोटोग्राफरला घेऊन हजर. पेपरात द्यायचं होतं – गुरूचा सांगाडा वर्गात, वगैरे. मी यायच्या आत स्वतः कपाट उघडलेलं. छातीचा पिंजरा जोडून झालाय, उजवा खांदा झालाय, आणि डावीकडे भोक.

"बाई, हे काय? इथलं हाड कुठाय?"

तोंडाला येईल ते सांगितलं, आणि ते निम्मं खरंच होतं. "घासायला घरी नेलंय, सर. इथे बारीक कानस नाही."

"घरी? तोताराम सरांचं हाड घरी?" असे बघत राहिले, जणू मी सरांनाच जेवायला नेलंय. फोटोग्राफर हसला. पितांबर सर हसले नाहीत. म्हणाले, "गिरधररावांना कळलं तर माझी नोकरी जाईल आणि तुमचीही. उद्या सकाळी जागेवर पाहिजे. मी मोजून घेणार."

फोटो उजव्या बाजूने काढला.

२४ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. खरं हाड तारेने जागेवर अडकवलं, पितांबर सरांना दाखवलं. दुपारी परत काढलं आणि डब्यात टाकलं. आता ते रोज असंच जाणार-येणार. सकाळी सरांच्या खांद्यावर, संध्याकाळी माझ्या मांडीवर.

२७ सप्टेंबर

वाक जमला. हे हाड सरळ नसतं, पुढे येतं आणि मागे जातं, लोळत पडलेल्या सापासारखं. नळी सरळ, त्यातून हा वाक काढायचा म्हणजे निम्मी नळी भुसा होते. एक तुकडा ऐन गाठीपाशी तडकला. दुसऱ्या नळीवर परत पहिल्यापासून.

हाताला फोड. कॉलेजात मुलगी विचारते, बाई काय करताय एवढं? म्हटलं, गौरीचा मुखवटा. गौरी जाऊन दहा दिवस झाले, तिच्या लक्षातही आलं नाही.

२९ सप्टेंबर, रविवार

झालं.

आधी चहाच्या पाण्यात बुडवलं, मग उन्हात, मग परत चहात. रंग आला. वजनासाठी टोकाकडून आतून कोरलं, मेणाने बुजवलं. गाठीवरची ती बारीक रेघ, जिथे हाड जुळताना थोडं सरकलं असेल – तीही आली. दोन्ही शेजारी ठेवली. माझी मीच बघत राहिले. एवढं चांगलं काम मी आजवर केलं नाही, आणि ते कोणाला दाखवता येणार नाही. अभिमान वाटला. लाज पण वाटली, अभिमान वाटल्याची.

अब्बांच्या हातात दिलं. बोटं फिरवली, दोनदा. मग म्हणाले, "निशानी किधर है?"

अब्बांची रीत. प्रत्येक फणीत शेवटचा दात केसभर जाड ठेवायचे. गिऱ्हाइकाला कळायचं नाही. पण अंधारात हात लावून सांगता यायचं की ही नूर महंमदने केलीय. "इतना हूबहू मत बना. कहीं तो निशानी छोड़. देखनेवाले को हक़ है, कि किसी ने बनाया है."

मी म्हटलं, इथे तेच तर कळायला नकोय.

"आज नकोय," अब्बा मराठीत म्हणाले. चिडले की मराठीत येतात. "उद्याचं काय?"

खूण नाही ठेवली. पितांबर सरांचं बोट तिथेच गेलं तर?

१ ऑक्टोबर

मनात पाप आलं, ते लिहून ठेवते.

काकूंना हेच दिलं तर? माझं. डोळे मिटून ओळखेन म्हणाल्या, तर याच्यावरही हात फिरवतील आणि ओळखतील. गाठ आहे, रेघ आहे. त्या नदीत सोडतील, मोकळ्या होतील. सर पूर्णच्या पूर्ण वर्गात राहतील. अट मोडणार नाही. गिरधरभाऊ खूश, काकू खूश, सर खूश. फक्त मला माहीत.

किती सोपं आहे!

दिवसभर हेच. संध्याकाळी चहा घेताना एकदम डोळ्यांपुढे आलं – काकू गिरणेच्या पाण्यात गुडघाभर उभ्या, ओंजळीत रेड्याची नळी, आणि तोंडाने सरांचं नाव. उरलेला चहा मोरीत ओतला.

नाही. खोटं बोलेन, चोरी करेन, पण हे नाही करणार.

३ ऑक्टोबर

माझं हाड सांगाड्यात बसवलं. पितळी तार, दोन पीळ. भिंतीवरच्या सरांच्या चित्राकडे पाठ करून बसवलं. मग वळून म्हटलं, माफ करा सर. काकूंना विचारायला हवं होतं तुम्ही.

खरं हाड अब्बांच्या हत्यारांच्या पेटीत. अब्बांनी त्यावर स्वतःचा धुतलेला रुमाल घातलाय.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

तपासणी झाली. तिघे आले होते. आधी रजिस्टर, मग संडास, मग सांगाडा. 

त्यातले जे मोठे होते, पांढऱ्या केसांचे, ते सरळ डाव्या खांद्याशी गेले. वाकले. गाठीवर बोट ठेवलं. पितांबर सर माझ्याकडे बघत होते, मी जमिनीकडे.

"हे बघा," ते मुलांना म्हणाले, "हा खऱ्या सांगाड्याचा फायदा. प्लास्टरमध्ये असलं काही मिळत नाही. माणूस पडला, मोडला, परत जुळला – सगळं इथे लिहिलंय."

मुलांनी वहीत काढून घेतलं. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं.

मान्यता मिळेल असं दिसतंय. पितांबर सरांनी पेढे आणले. मला दोन दिले.

५ ऑक्टोबर, शनिवार

काकू आल्या. या वेळी घरी बोलावलं. आमच्या घरी येतील का, पाणी घेतील का – उगाच मनात होतं. आल्या, बसल्या, चहा मागून घेतला.

मी रुमाल पुढे ठेवला. त्यांनी खरंच डोळे मिटले. आधी हाड नुसतं तळहातावर धरलं, लहान मुलाचा हात धरतात तसं. मग अंगठा हळूहळू सरकत गाठीवर आला आणि तिथेच राहिला. गालावरून पाणी ओघळत होतं, पुसलंही नाही.

"हाईच," म्हणाल्या.

मग डोळे उघडून, "मंग तठे काय लावं तू?"

"मी केलेलं."

"तुन्हा हातनं?"

हो म्हटलं. कशाचं, ते त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलंही नाही. "मंग चाली," म्हणाल्या. सोबत आणलेल्या पांढऱ्या फडक्यात हाड बांधलं, कमरेला खोचलं. अब्बा दारापर्यंत सोडायला गेले. दोघं वयाने सारखीच. अब्बांनी हात कपाळाला लावला – काकूंना की त्या फडक्याला, कळलं नाही.

त्या गेल्यावर अब्बांची हत्यारांची पेटी उघडून बघितली. मलाही हवं होतं ते हाड. त्या वर्गात पहिलं बोट मी लावलं होतं. पण माझा हक्क कुठल्या नात्याने सांगू?

७ ऑक्टोबर, सोमवार

सर्वपित्री. बारा वाजता तास सुरू होता. मुलं खांदे काढत होती. मी खिडकीशी उभी राहिले.

१२ ऑक्टोबर

पारोळ्याचा एक मुलगा निरोप घेऊन आला. काकूंनी सांगितलंय – सगळं नीट झालं, त्या दिवशी पोटभर जेवल्या, गाढ झोपल्या. आणि गिरधरला काही माहीत नाही.

सुटले! घरी येऊन अब्बांना सांगितलं. अब्बा म्हणाले, "अच्छा हुआ." मग थोड्या वेळाने, "निशानी रखनी थी."

म्हातारा सोडत नाही.

२१ ऑक्टोबर

वर्ग नेहमीसारखा. मुलांनी सांगाड्याला आता 'सर' म्हणायला सुरुवात केलीय. "सर, जरा डावीकडे वळा," म्हणून स्टँड फिरवतात. पहिल्या दिवशी ओरडले, आता नाही ओरडत. एकीने डावा खांदा फार सुरेख काढला, गाठ, रेघ, सगळं. नव्वद मार्क दिले. चित्र चांगलंच आहे, त्यात तिची काय चूक.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस. गिरधरभाऊ आले. एकटेच, न कळवता. "पाच मिनिटं आत जाऊ का," म्हणाले. वर्ग रिकामा होता. त्यांनी दार लोटून घेतलं. पाचाची वीस मिनिटं झाली.

बाहेर आले तेव्हा चष्मा हातात होता. त्याच बाकावर बसले, जिथे काकू बसल्या होत्या. "लहानपणी आबा मला खांद्यावर घ्यायचे," म्हणाले. "ती गाठ मांडीला टोचायची. मी भांडायचो त्यांच्याशी, उजव्या खांद्यावर घ्या म्हणून. आज हात लावला. अगदी तश्शीच आहे."

त्यांनी चष्मा पुसला. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "नसीमताई, अट मीच वाचून दाखवली होती तुम्हाला, लाज वाटते. पण तेवढं एक हाड मला द्याल? घरी ठेवीन. त्या जागी तुम्ही दुसरं करून लावा, तुम्हाला येतं, आबा नेहमी सांगायचे. आईला मात्र कळू देऊ नका."

उद्या सकाळी येणार आहेत. बांधून न्यायला रुमाल आणू का, विचारत होते.